पडद्याच्या मागून पाहिलेला सिनेमा

बेलवलीला भात कापून शेतं मोकळी झाली की तंबूतला सिनेमा यायचा. आमच्याकडची रीत अशी, की पुरुषांनी पडद्यासमोर बसायचं आणि बायकांनी पडद्यामागे. सिनेमा तोच, पण आम्हाला सगळं उलटं दिसायचं. नायक डावखुरा, फळ्यावरची अक्षरं उलटी, आणि सुरुवातीच्या सरकारी फितीत धरणावरचे मजूर झाडून सगळे डाव्या हाताने कुदळ मारणारे. त्या फितीत दर खेळाला सांगायचे, देश आपला झाला, आता मुलींनी शिकावं, पुढे यावं. मी मनात म्हणायचे, अहो, आम्ही येतोय की पुढे, तुम्हीच बसवलंय मागे!

मी तेव्हा नुकतीच सातवीची फायनल पास झाले होते. निर्वासितांच्या कॅम्प पाचमधल्या एका शाळेत मराठी शिकवायला बाई हवी होती. तिथल्या सिंधी हेडमास्तरांनी माझं अक्षर बघितलं आणि म्हणाले, "बेटी, सोमवार से आ जाओ." नेमकी त्याच आठवड्यात कात्रपहून मला मागणी आली. घरची भातशेती, मुलगा अंबरनाथच्या कारखान्यात. मला शाळा हवी होती. बाबा मात्र दोन्हीकडे 'हो हो' म्हणत मान हलवत होते. माझा जीव टांगणीला लागला होता.

शनिवारी सिनेमा लागला तो अशाच एका मुलीचा. ती जमीनदाराच्या घरचं स्थळ नाकारते आणि भर मांडवात बापाला सांगते, मी शाळा काढणार. मी बांबूपाशी सरकून पडद्याच्या कडेने पलीकडे डोकावले. बाबा पहिल्या रांगेत, टोपी काढून डोळे पुसत होते. मग उठून टाळ्या वाजवायला लागले, आणि त्यांचं बघून अख्खा तंबू! म्हटलं, बस्स, बाबा आले आपल्या बाजूला. कसली मूर्ख होते मी!

रविवारी सकाळी कात्रपची माणसं आली. चहा झाला. बाबा तोंड उघडायच्या आत मीच बोलले, सिनेमातल्या मुलीच्या ठसक्यात: "मला लग्न नाही करायचं. मी उद्यापासून शाळेत शिकवणार." आणि बाबांकडे बघितलं. आता हे डोळे पुसतील, असं वाटलं मला.

बाबा हसले. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं. पाहुण्यांना म्हणाले, "काल सिनेमा बघितलाय ना, तोच डोक्यात बसलाय." सगळे हसले, आईसुद्धा. मग मला हळूच म्हणाले, "बाय, ते पडद्यावर शोभतं." आणि तिथल्या तिथे शब्द देऊन मोकळे झाले. सुपारी फुटली.

माझा नुसता संताप संताप झाला. पण जाणार कुठे? घराला एकच दार, आणि दारात पाहुण्यांच्या वहाणा. सोमवारी हेडमास्तरांनी वाट बघितली असेल.

त्या रविवारीच संध्याकाळी बाबांना माझा चेहरा बघवेना. म्हणाले, "आज शेवटचा खेळ आहे. चल, पुन्हा बघ. पाहुण्यांनाही थांबवून घेतलंय." लाड चालले होते माझे! गेलो सगळे. पुरुष समोर, आम्ही मागे. शेजारी होणारी सासू. मी गर्दीत हरवेन म्हणून तिने माझं मनगट धरून ठेवलं होतं. तो मांडवाचा प्रसंग आला तशी मी मान वाकवून पुन्हा डोकावले. बाबा डोळे पुसत होते. त्यांच्या शेजारी होणारे सासरे उपरण्याने नाक पुसत होते. दोघंही एकदमच उठले आणि जीव तोडून टाळ्या वाजवायला लागले.

इकडे सासूचेही डोळे भरून आले होते. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "कसं ठणकावून सांगितलं बघ पोरीने बापाला! असंच पाहिजे."

मी हात सोडवून घ्यायला बघितला. तिने तो आणखी घट्ट धरला.