लाल रेघेचा रिपोर्ट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? कारण बिरण काही नाही – सांगते, झालं.

आमचे हे भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होते. वयात येताना गालगुंड झालेलं, ते खाली उतरलं, आणि पुरुषाच्या अंगात जे तयार व्हायला हवं ते होईना. हे कळलं लग्नानंतर चार वर्षांनी, मूल का होत नाही म्हणून तपासण्या केल्या तेव्हा. तोवर मला वाटायचं, माणूसच घुम्या आहे. कामावरून आले की भिंतीकडे तोंड करून पडायचे. मग डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुरू केलं. त्यानं मूल होणार नव्हतं, ते त्यांनी आधीच सांगितलं. पण माणूस – अहो, काय सांगू! दोन-तीन महिन्यांत टँकरचं पाणी शीळ घालत तिसऱ्या मजल्यावर चढवायला लागले. रविवारी मला उत्तनला न्यायचे, ताजे बोंबील घ्यायला, आणि बसमध्ये सगळ्यांदेखत माझा हात धरायचे. मला लाज वाटायची, आणि हात सोडवतही नव्हता.

दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं. रिपोर्ट मी वाचायची, कारण मी मॅट्रिक आणि हे सातवी. "तू वाचलंस ना, मग झालं," म्हणायचे.

आता आपल्याकडे रक्ताचं कसं असतं, ठाऊक आहे ना? कुणाचं आठ, कुणाचं नऊ – बीट खा, गूळ-शेंगदाणे खा, कलेजी खा. यांचं हिमोग्लोबिन सतरा आलं तेव्हा मी जिन्यात उभी राहून सगळ्यांना सांगितलं. तळमजल्यावरच्या हंसाबेनचं आठाच्या वर जाईना, तिला तर उपदेशही केला. घरी कलेजी आणखी वाढवली. इथपर्यंत माझा अडाणीपणा म्हणा.

पण तोच रिपोर्ट बघून डॉक्टरांनी मला नीट समजावलं. हे तेव्हा बाहेर मेडिकलच्या दुकानात होते. डॉक्टर म्हणाले, या इंजेक्शनवर असं रक्त वाढणं म्हणजे तब्येत सुधारणं नव्हे. रक्त दाट होतं, गाठ होऊ शकते. टेस्टोस्टेरॉनचा आकडा बरोबर आला म्हणून निर्धास्त राहू नका, हिमोग्लोबिनही बघा. साडेअठराच्या वर गेलं तर पुढची सुई देऊ नका, आधी मला फोन करा.

पुढचा रिपोर्ट आला. टेस्टोस्टेरॉन अगदी बरोबर. आणि हिमोग्लोबिन – एकोणीस पॉइंट दोन. लॅबवाल्यानं त्याखाली लाल रेघ ओढली होती. "भाभी, ये जल्दी दिखा देना," म्हणाला.

बिल्डिंगमध्ये फोन एकच, हंसाबेनकडे. गेले मी. रिसीव्हर उचलला, आणि ठेवला. मागे एकदा इंजेक्शन बाजारात मिळत नव्हतं, तेव्हा दोन महिने तो भिंतीकडे तोंड केलेला माणूस परत आला होता. मला तो नको होता हो. मला शीळ घालणारा हवा होता. हंसाबेनशी छुंद्याबद्दल बोलले आणि वर आले.

यांनी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले?

"सगळं छान आहे म्हणाले. सुई चालू ठेवा."

किती सहज निघालं तोंडातून. शनिवारी मी स्वतः यांना सुई टोचायला कंपाउंडरकडे घेऊन गेले, पुढच्या वेळीही. कलेजी तेवढी बंद केली – एवढीच माझी हुशारी. यांचं डोकं दुखायचं, चेहरा लालबुंद व्हायचा. मी बाम चोळत बसायची.

मग एका सकाळी शर्ट घालता घालता यांचा डावा हात खाली पडला आणि तोंड वाकडं झालं. हॉस्पिटलमध्ये बाटलीभर रक्त काढून टाकलं. मागचा रिपोर्ट कुठे आहे, विचारलं. मी म्हणाले, काढलाच नव्हता. तो माझ्या पर्समध्ये होता. घरी येऊन स्टोव्हवर जाळला.

हे वाचले. काही महिन्यांनी सुई पुन्हा सुरू झाली, कमी करून, आणि शीळही परत आली. फोन केला असता तर एवढंच झालं असतं – काही महिने भिंत, मग शीळ. डाव्या हाताच्या बोटांत मात्र जोर आला नाही तो नाहीच.

येणाऱ्या-जाणाऱ्याला हे कौतुकानं सांगतात, "हिनं मला इतकं खाऊ घातलं, की रक्त अंगात मावेना." मग माझ्याकडे बघून हसतात. मीही हसते.

रोज सकाळी हे हनुवटी वर करून माझ्यासमोर उभे राहतात, आणि मी शर्टाची बटणं लावते. वरचं बटण लावताना यांचा श्वास माझ्या कपाळाला लागतो. तो रिपोर्ट मी वाचला होता. मला तो कळलाही होता.