धनगराचा गुडघा

ऐंशी सालाच्या आसपास मी एका डॉक्टरांचा मदतनीस होतो. गुडघेदुखीच्या नव्या गोळीची चाचणी चालली होती. गोळी घेणारे सगळे पुण्याच्या पेठांतले पेन्शनर. त्यांचे गुडघे आरामखुर्चीपासून वाचनालयापर्यंत चालायचे. ‘एखादा डोंगरातलाही असू दे,’ म्हणून डॉक्टरांनी पुण्याबाहेर घोटावड्याला खतासाठी शेतात मेंढरं बसवायला आलेला एक धनगर गाठला.

हा गृहस्थ कधी खाली बसायचा नाही. काठीवर हनुवटी टेकून, एक पाय उचलून बगळ्यासारखा उभा राहायचा, तोही दुखऱ्या गुडघ्यावर.

पंधरवड्याने आम्ही परत गेलो.

“गुडघा कसा आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

“कुनाचा?”

त्याच्यामागे चार-पाच म्हातारे धोतर वर करून ओळीने बसले होते. एकट्याने खायची त्यांच्या तळावर रीत नव्हती. म्हणून रोजची गोळी त्याने अडकित्त्याने फोडून सगळ्यांना वाटली होती.

डॉक्टर भडकले. “अहो, ती तुम्ही एकट्याने घ्यायची होती!”

त्याने हनुवटी काठीवरून उचलली. “डाक्टरसायेब, तुमाला धनगराचा गुडगा बगायचा व्हता न्हवं? मंग माज्या एकट्यावरनं समद्यांचा कसा कळंल?”

डॉक्टरांनी त्याला चाचणीतून काढून टाकलं. दुसरा धनगर काही शोधला नाही. पुढे गोळी बाजारात आली, ‘सर्वांना गुणकारी’ म्हणून.

हल्ली माझाही गुडघा दुखतो. तीच गोळी घेतो आणि हमखास गुण येतो. येणारच. मी पेठेतला पेन्शनर आहे.