सूर्यास्ताच्या आत आंब्याचं डिप

आंब्याच्या डिपने माणूस मरतो का, असं मला कोणी विचारलं तर मी सांगेन की मरता मरता वाचलेले दोघं मी स्वतः पाहिलेत. त्यातला एक मी होतो.

गोष्ट मागच्या मे महिन्यातली. बेळगावातल्या आमच्या घरी सासरे पहिल्यांदा येणार होते. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. आम्ही निपाणीचे बौद्ध, बायको चिकोडीकडच्या जैन शेतकऱ्याची लेक. रजिस्टर लग्न केलं त्याच आठवड्यात तिच्या थोरल्या भावानं, अण्णानं, मला निपाणीच्या स्टँडवर गाठलं. कोल्हापूरच्या गाडीला उभा होतो. त्यानं असा धुतला की माझी बोंब कागलला उतरणाऱ्यांनी ऐकली. दोन दात पडले. सांगताना मी चार सांगतो. मीही त्याचा कान चावला, आणि पुढं बरीच वर्षं तो कान माझ्या कपाटात बरणीत आहे असं सांगत फिरलो. कान त्याच्या डोक्यालाच होता, पण बरणीनं माझी अब्रू राखली.

सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, हात उचलला नाही. त्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही, एवढंच म्हणाले. त्यापेक्षा स्टँडवरचा मार परवडला, कारण तो दहा मिनिटांत संपला. हे नऊ वर्षं चाललं, आणि रोज बायको ते गिळत होती.

आप्पांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन बेळगावात झालं. रात्र शहापुरातल्या नातेवाईकांकडे काढायची आणि सकाळी पट्टी काढून गावाकडे जायचं, असं ठरलं होतं. बायको दवाखान्यात गेली होती. तिथून चार वाजता तिचा फोन आला. आवाज चिरकत होता.

"आप्पा तासभर घरला येतो म्हणालेत. अण्णा पण हाय संगं. मी विचारलं, आंब्याचं कायतरी खाताय का? तर 'बघू' म्हणाले. ऐकलास का? बघू म्हणाले!"

"मग मी काय करू?"

"आंब्याचं मऊ, गोड कायतरी कर. दात न्हाईत त्यास्नी. कांदा, लसूण, बटाटा काय बी घालू नको. आणि दिवस मावळायच्या आत झालं पायजे. त्यानंतर ते पाणी बी तोंडात घेत न्हाईत."

नऊ वर्षांत तिच्या बापाकडून तिला हा एकच शब्द मिळाला होता. तो वाया गेला तर पुन्हा मिळणार नव्हता, हे मलाही कळत होतं.

मी मोबाईल उघडला. त्यात एक बाई आंब्याचं डिप करत होती: आटवलेला रस, मसाला, आणि त्यात बुडवायला फळांच्या फोडी. मी कामाला लागलो. हापूस पिळले, गूळ चिरला. वेलदोडे खलबत्त्यात असे कुटले की खालच्या मजल्यावरच्या आक्का वर येऊन विचारून गेल्या, भिंत पाडताय का? दालचिनी घातली, मिरी घातली. बाईनं सांगितलं म्हणून बोटभर आलं किसून घातलं. चकाकी यावी म्हणून चार चमचे मध ओतला. वर सजावटीला अंजिराचे काप लावले. बायकोची ताकीद मी अक्षरशः पाळली होती. गोड पदार्थात मी कांदा घातला नव्हता, याबद्दल स्वतःची पाठही थोपटून घेतली.

सव्वासहाला ते आले. आप्पांच्या एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यातही मोतीबिंदू पिकलेला, हातात घरून आणलेली पाण्याची बाटली. मेव्हणा मागं उभा, दार अडवून. नऊ वर्षांत तो आणखी रुंद झाला होता. दाराची चौकट मी तेव्हापासून नीट बसवून घेतलीय. माझ्याकडे न बघता त्यानं खुर्ची ओढली आणि आप्पांना बसवलं.

बायको स्वयंपाकघरात आली, भांड्यावर वाकली आणि तिथंच थांबली.

"आलं घातलंयस?"

"बोटभरच."

"जमिनीखालचं हाय ते! आणि ही बाटली कसली? मध? मध घातलास? माश्यांची हिंसा ती! आणि अंजीर? त्यात किडं असत्यात!" ती कुजबुजत होती, पण त्या कुजबुजीनं माझ्या कपाळावरचे केस मागं गेले. "एका वाटीत सगळी पापं गोळा केलीस की रं!"

"तूच म्हणालीस, कांदा, लसूण, बटाटा. आणि तू तर अंडी पण खातीस."

हे म्हणायला नको होतं. तिनं भांडं उचललं आणि दणकन सिंकमध्ये आपटलं. डिप छतापर्यंत उडालं. मग तिच्या हातातला डाव आला. त्यानं माझा कान शेकून काढला आणि मी बोंबललो, "मेलो!"

तरी हात थांबवायची सोय नव्हती. चार आंबे उरले होते आणि दिवस अर्धा तास. तिनं दुसऱ्या पातेल्यात रस आणि गूळ टाकून गॅस मोठा केला. मी जायफळ किसायला घेतलं, तेवढ्यात दार भिंतीवर आदळलं. मेव्हणा आत आला होता. त्यानं बघितलं ते असं: बहीण रडतीय, छतावरून डिप गळतंय आणि माझ्या हातात काहीतरी.

"हात लावलास तिला?"

"अण्णा, न्हाय, ऐक," बायको मध्ये पडली, पण माझी मानगूट त्याच्या पंज्यात गेलीच होती. पाय जमिनीवर होते की नव्हते, मला आठवत नाही. मी नव्हते असं सांगतो. मी त्याच्या पोटात गुडघा घातला. त्यानं मला फ्रीजवर आपटलं. फ्रीजवरची चमच्यांची टोपली दोघांच्या डोक्यावर आली. मी त्याचा कान शोधत होतो, खरं सांगतो, तोच जुना कान.

ह्या सगळ्यात पातेलं ढवळायला कोणी नव्हतं. घट्ट होत आलेला गूळ-आंबा न ढवळता सोडला की तो खदखदून फुटतो. फुटला. मुठीएवढा गोळा उडाला तो नेमका मेव्हण्याच्या मनगटावर जाऊन चिकटला.

"आई गं! दाजी, पाणी! पाणी सोडा, दाजी!"

नऊ वर्षांत त्यानं मला ह्या नात्यानं हाक मारली नव्हती. त्याचं त्याला कळलंही नाही. मी नळ सोडला आणि त्याचा हात धरून ठेवला. बायको एका हातानं ढवळत होती, दुसऱ्यानं डोळे पुसत होती.

"हाणायचं झालं असंल तर केळी सोला," ती म्हणाली.

मी केळी सोलली. मेव्हण्यानं एका हातानं सुंठ कुटली. सुंठ चालते, वाळलेली असते म्हणून. वेलदोडा, जायफळ, चिमूटभर मीठ. रस सोनेरी झाला, डावावरून सावकाश ओघळू लागला. बायकोनं वाटी भरली, बाजूला केळ्याच्या चकत्या लावल्या आणि वळली, तर दारात आप्पा उभे. भिंतीला धरून स्वतःच आले होते.

"वास बरा येतोय," ते म्हणाले. मग पट्टीचा डोळा माझ्या बाजूला करून विचारलं, "जावईबापू, मला दिसत न्हाय. दिवस हाय का मावळला?"

स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला आहे. मी बाहेर बघितलं. समोरच्या टाकीमागं नुसता तांबडा पट्टा राहिला होता. सूर्य गेला होता. मेव्हणा माझ्याकडे बघत होता. बायको बघत नव्हती.

आयुष्यभर मी थापा मारल्या. दोनाचे चार दात केले, बरणीत कान ठेवला. ही तर केवढीशी थाप, तीन-चार मिनिटांची. त्यांना दिसणार नव्हतं आणि आमच्यापैकी कोणी सांगणार नव्हतं.

"मावळला, आप्पा," मी म्हणालो. "आत्ताच. थोडक्यात हुकलं."

बायकोनं वाटी ओट्यावर ठेवली. आवाज न करता. भांडं आपटण्यापेक्षा ते वाईट होतं.

आप्पांनी हात पुढं करून तिचं डोकं चाचपलं.

"मग आज न्हाय."

"डब्यात घालून देऊ? सकाळी खावा."

"शिळं मला चालत न्हाय, ठावं हाय तुला." ते वळले आणि मेव्हण्याला म्हणाले, "शहापुरला फोन लाव. येत न्हाय म्हणून सांग." मग माझ्याकडे: "आंबं हाईत का अजून घरात?"

"न्हाईत, आप्पा. आत्ता जाऊन आणतो."

"आण. आणि ह्यो पण येऊ दे तुझ्यासंगं," मेव्हण्याकडे हात करत ते म्हणाले. "त्याला आंबा पारखता येतोय. दिवस उगवला की ताजं करा. तवर मला हातरूण कुठं टाकताय ते दावा."