स्टँडवरच्या काकांचा आवाज

कॉलेजात आवाज काढणारा म्हटलं की मीच. प्राचार्य, कॅन्टीनवाला, आमच्या म्हसावदचा गिरणीवाला, कुणीही असो, एकदा ऐकला की माझ्या तोंडात बसला. सराव कधी केला नाही, आणि ते सगळ्यांना सांगायचोही. शहादा स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारणारे काका तर माझा हुकमी एक्का. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" एवढं म्हटलं की पोरं लोळायची.

यंदा गॅदरिंगमध्ये मिमिक्रीला जागा एकच, म्हणून सरांनी निवड ठेवली. मला वाटलं, उगाच ताप. मग कळलं, वर्गातल्या शिंप्याच्या मुलीनेही नाव दिलंय. आणि काढणार कोणाचा आवाज, तर काकांचा. माझ्या काकांचा.

वर्गात तिने पहिल्यांदा करून दाखवलं तेव्हा "फलाट" म्हणताना आवाज असा फाटला की सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. दुसऱ्यांदा खोकलाच आला. तिसऱ्यांदाही फसलं, पण मला बरं वाटेना, कारण दर वेळची चूक नवी होती. रोज संध्याकाळी ती स्टँडवर दिसायची, बाकावर वही घेऊन बसलेली. एकदा गाडीची वाट बघताना मी तिला विचारलं, आवाजात लिहून घेण्यासारखं काय असतं?

ती म्हणाली, "तू काकासना आवाज काढस. पन काका कव्हय चिडतस, ते तुले माहीत शे का?"

काका कधी चिडतात याच्याशी मला काय, म्हणत मी तिला वेडावून दाखवलं आणि गाडीत चढलो.

निवडीच्या दिवशी मी नेहमीचंच केलं, पोरं नेहमीइतकीच हसली. मग ती उठली. "शहादा-धडगाव गाडी फलाट क्रमांक दोनवर..." एकदम पुस्तकी मराठी. मध्येच थांबली. आणि तिच्या तोंडून, माइक चालूच आहे हे विसरलेले काका खेकसले, "कोनी शे रे ही फटफटी? काढ ना तठेन." लगेच पुन्हा गोड आवाजात, "...लागत आहे. धन्यवाद."

काकांची पुस्तकी मराठी नोकरीची, राग मात्र अहिराणीत. मी ते शंभरदा ऐकलं होतं, काढलं एकदाही नव्हतं. सर हसून डोळे पुसत होते. जागा तिला गेली.

परतीच्या गाडीत तिची टर उडवायला मी तिचा आवाज काढला. मान वाकडी केली, वही धरल्यासारखा हात केला, सगळं केलं. कुणी हसलं नाही. शेवटी शेजारचा मित्र म्हणाला, "हाऊ कोना आवाज शे?"

कुणाचाच नाही म्हटलं, आणि बाहेर केळीची शेतं बघत बसलो.