न तडकलेल्या शेंगा

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात माझ्या नवऱ्याच्या तोंडी एकच नाव असे, रानतूर. ते परभणीला शेतकी कॉलेजात शिकवत. ही वेल म्हणजे आपल्या तुरीची जंगली भावकी, असं जेवताना सांगत. मी केलेल्या वरणाबद्दल मात्र अवाक्षर नाही. तेही मी सोसलं असतं. पण त्यांची एक विद्यार्थिनी संध्याकाळी घरी येई. दोघं ओट्यावर शेंगा पसरून बसत आणि हसत. मी चहा नेला की ती म्हणे, "वैनी, बसा की." माझ्याच घरात मला बसा म्हणणारी ही कोण, असं वाटून मी आत निघून जाई.

एका रविवारी दोघं येलदरीच्या माळावर शेंगा गोळा करायला निघाले. मी म्हणाले, "मी बी येते." एसटीत ती दोघं पुढच्या बाकावर, मी मागं, मांडीवर डबा घेऊन. माळावर ते म्हणाले, "तू सावलीत बस. काटे लय हायेत." ती मात्र त्यांच्यामागं गेली.

मी बसले नाही. दुसऱ्या अंगानं चढले. एका बोरीवर ती वेल पसरली होती. वाळल्या शेंगेला हात लागताच ती तडके आणि दाणे मातीत जात. ज्या तडकल्या नाहीत त्या मी पदरात घेतल्या.

घरी येऊन त्यातले थोडे दाणे भिजत घातले. सकाळी पाहिलं तर खड्यासारखे टणक. तरी वरणात टाकून शिजवले आणि वाढले. त्यांनी एक चावला, बाहेर काढून पाहिला.

"हे कुठून आणलंस?"

"माळावरून. तडकल्या त्या गेल्या, राहिल्या त्या आणल्या."

ते जेवायचे थांबले. "सगळ्यात आधी ज्यांनी तूर पेरली, त्यांचं बी असंच झालं असंल. फुटल्या त्या शेंगा रानातच राहिल्या, हाताला लागल्या त्यांचंच बी पेरलं गेलं. पिढ्यान्‌पिढ्या. म्हणून आपली तूर कापणीपर्यंत शेंगेत टिकती."

एवढं ते पहिल्यांदाच माझ्याकडं बघून बोलले होते. मला घास गोड लागला. तेवढ्यात म्हणाले, "आज तिला सांगायला पायजे."

"उरलेलं बी मी कुणाला देणार न्हाई," मी म्हणाले. "मीच पेरते."

पाऊस पडल्यावर, टणक दाण्यांत पाणी शिरावं म्हणून, त्यांनीच शेजारी बसून त्यांची साल घासून दिली. परसात वेल उगवली, कुंपणावर चढली.

पुढच्या उन्हाळ्यात त्या मुलीचं लग्न ठरलं, नांदेडकडं. आम्ही दोघं गेलो. अक्षता टाकताना मला फार बरं वाटलं, आणि ते मायेनं नव्हतं.