बैठकीत न टेकलेला बाप

माझी रक्तातली साखर काठावर आली, तेव्हा मला सायकल चालवायला सांगणारा डॉक्टर माझाच जुना विद्यार्थी होता. मी येरमाळ्यात गणित शिकवतो. नववीत असताना पाढे येत नाहीत म्हणून मी त्याला आठवडाभर बाकावर उभं केलं होतं. मी ते विसरलो होतो. तो विसरला नव्हता, पण हे मला पुढं कळलं.

पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीनं गिअरची सायकल घेऊन दिली. मी घरात काहीही नवीन सुरू केलं की ते किती दिवस टिकेल, याचा अंदाज बायको आधीच सांगते. योगासनांना तिनं चार दिवस दिले होते, मी तीनच दिवस केली. सायकलला तिनं आठवडा दिला, आणि मला चेव आला. रोज सकाळी हायवेनं तेरखेड्यापर्यंत जायचं, तिथल्या फटाक्यांच्या दुकानापुढं सायकल उभी करून फोटो काढायचा आणि घरच्या ग्रुपवर टाकायचा. मेव्हण्यानं एकदा लिहिलं, "दाजी, रोज तेरखेड्याला जाता, येताना एक लवंगीची माळ तरी आणा." माळ नाही आणली. पण त्याच आठवड्यात मी एक सुतळी बॉम्ब घेऊन आलो, आणि तो नको त्या जागी आणला.

माझं सगळं शास्त्रच उलटं होतं. सीट टोचतं म्हणून त्याच्यावर गादीसारखं मऊ कव्हर चढवलं. ऐटीत दिसावं म्हणून सीट उंच केलं. मग पायडल मारताना कंबर अशी डावी-उजवी व्हायची, की जणू पोटभर खाल्लेली म्हैस पाण्यावर निघालीय. मुलीनं आतून पॅड शिवलेली सायकलची तंग चड्डी कुरिअरनं पाठवली होती. ती मी रोजच्या चड्डीवर घालायचो, आणि रस्त्यात शाळेतली पोरं भेटतील म्हणून तिच्यावर जुनी टेरिकॉटची पँट. एवढे पदर तर बायको चिरोट्यालाही देत नाही. परत आलो की त्याच घामट कपड्यांत ओट्यावर बसून चहा, पेपर आणि शब्दकोडं.

सोमवारी थोडं चुरचुरलं. मंगळवारी खरचटल्यासारखं झालं. तरीही मी बुधवारी गेलो, कारण ग्रुपवर फोटो टाकायचा होता. घरी येऊन उतरलो तेव्हा मांडीच्या वर, जिथं माणूस आणि सीट यांची गाठ पडते तिथं, हरभऱ्याएवढा टणक फोड हाताला लागला.

दुखतंय म्हणजे बाम लावायचा, हे मला लहानपणापासून माहीत. जो बाम तीस वर्षं माझं डोकं शांत करत आला, तो मी विश्वासानं तिथं लावला. पुढचा पाव तास मी अंगणात जो काही हिंडलो, तो बायकोनं खिडकीतून पाहिला.

"आवं, हे काय नवीन? आता नाच शिकताव का?"

तिला खरं सांगावं लागलं. ती आधी पोटभर हसली आणि मग तिनं बोटांवर दिवस मोजले. "रविवारी लोहाऱ्याचे पाहुणे यायलेत," ती म्हणाली.

ते पाहुणे साधे नव्हते. मुलीचं आणि लोहाऱ्याच्या एका मुलाचं पुण्यात एकाच ऑफिसात काम. दोघांनी एकमेकांना पसंत करून दोन वर्षं झाली होती. आमची काही हरकत नव्हती. अडलं होतं ते मुलाच्या आजोबांपाशी. त्या घरात आबांच्या होकाराशिवाय म्हशीसुद्धा विकत नाहीत, असं मेव्हणा सांगायचा. दोन वर्षं आबा "बघू" म्हणत होते. आता कुठं "एकदा जाऊन येऊ" म्हणाले होते. मुलगी शनिवारीच येणार होती. फोनवर ती मला एवढंच म्हणाली, "बाबा, एवढी एक बैठक नीट होऊ द्या. आबा दुसऱ्यांदा येणार नाहीत."

मी डॉक्टरकडं गेलो. त्यानं तपासलं, हात धुतले आणि वहीत चुका शोधाव्यात तसा विचारू लागला.

"सर, सायकलवरून आल्यावर कपडे कधी बदलता?"

"शब्दकोडं झाल्यावर."

"ती पॅडची चड्डी असते ना, तिच्या आत काही घालायचं नसतं. आतल्या कपड्याची शिवणच घासते."

"काहीच नाही?"

"काहीच नाही, सर."

विद्यार्थ्याकडून हे ऐकायची वेळ कुठल्याही शिक्षकावर येऊ नये. तो पुढं म्हणाला, मऊ कव्हर काढून टाका, त्यात माणूस रुततो आणि जास्त घासतो. सीट एवढं खाली घ्या की कंबर हलणार नाही. निघण्याआधी घासणाऱ्या जागेला मलम लावा. आल्याबरोबर साध्या साबणानं धुवा, टिपून कोरडं करा, सैल सुती कपडा घाला. आत्ता दिवसातून तीनदा कोमट पाण्याचा फडका धरा, मी देतो ते मलम लावा. फोडू नका, दाबू नका. ताप आला किंवा सूज पसरली तर लगेच या.

"आणि बाम?" मी हळूच विचारलं.

त्यानं पेन खाली ठेवलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. मग म्हणाला, "सर, आठ दिवस सायकल बंद. आणि बसायचं नाही. तुम्ही मला नववीत आठवडाभर उभं केलं होतं. मी एक दिवस वाढवून देतोय."

मी शाळेत उभा, जेवताना उभा. रविवार उजाडला तेव्हा फोड निम्मा झाला होता, पण खाली टेकलं की डोळ्यांपुढं तेरखेड्याचे फटाके. मेव्हण्यानं सायकलची ट्यूब फुगवून गादीखाली घालायचं सुचवलं.

"पाहुण्यांपुढं ट्यूबवर बसणार?" बायको म्हणाली. "पोहायला निघाल्यावानी? आन आवं, त्या जागेचं नाव पाहुण्यांपुढं अजिबात काढायचं न्हाय. गुडघे दुखत्यात म्हणा."

आता आमच्या भागातली एक जुनी रीत सांगितली पाहिजे. सोयरिकीच्या बैठकीत पाहुण्यांच्या समोर मुलीच्या बापानं सतरंजीवर टेकायचं, मग पाहुणे चहाला हात लावतात. बापाच्या मनात सोयरीक नसेल, तर तो तोंडानं नाही म्हणत नाही. तो नुसता उभा राहतो. इकडची तिकडची विचारपूस करतो, पंखा वाढवतो, पण टेकत नाही. पाहुणे काय ते ओळखतात आणि कुणाचाही अपमान न होता चपला घालतात. माझ्या चुलत्यानं अशा दोन सोयरिकी उभ्यानं परतवल्या होत्या. हे मला चांगलं ठाऊक होतं. पण मला वाटलं, मुलामुलीनं पुण्यात सगळं ठरवल्यावर ही रीत आता कुणाच्या ध्यानात असणार?

आबांच्या ध्यानात होती.

जीपमधून सात जण उतरले. मी आनंदानं दोन-दोन पायऱ्या उतरत पुढं गेलो, आबांचा हात धरून त्यांना वर आणलं, वाकून त्यांच्या चपला भिंतीकडं सरकवल्या. सगळे सतरंजीवर बसले. चहा आला. मी पंख्याच्या बटणापाशी उभा.

"बसा की, सर," आबा म्हणाले.

"असू द्या. बराय इथं."

"बसा हो."

"तुम्ही घ्या ना चहा."

आबांनी हातातली कपबशी खाली ठेवली. त्यांचं बघून बाकीच्या सहांनी ठेवली. मी घाबरून पंखा वाढवला.

"दाजींचे गुडघे धरलेत," मेव्हणा घाईनं म्हणाला.

मुलाची आत्या दाराजवळ बसली होती. ती म्हणाली, "मगाशी तर पायऱ्या दोन-दोन उतरून आले. आन चपलाबी वाकून लावल्या. लई चांगले गुडघे हायेत."

चहावर साय धरायला लागली. मी मनाचा हिय्या करून गुडघे वाकवले, अर्ध्यावर पोचलो, आणि तोंडातून असा काही आवाज निघाला की मी परत सरळ झालो. ते त्याहून वाईट झालं. बापाला बसायचा नुसता प्रयत्नही सहन होत नाही, असं दिसलं असणार.

आबांनी टोपी नीट केली. "चला. कळलं. ऊन व्हायच्या आत निघू."

मुलगा माझ्याकडं बघत होता. वर्गात बरोबर उत्तराला चूक मिळालेलं पोरगं बघतं तसा. मला बोलायचं होतं, पण बायको स्वयंपाकघराच्या दारातून डोळे वटारून उभी होती, आणि गणिताच्या शिक्षकाला त्या जागेसाठी सभ्य शब्दही सापडेना.

तेवढ्यात मुलगी पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आली. ताट तिनं माझ्या हातात दिलं. माझे हात तसेही रिकामेच होते.

"आबा, थांबा. बाबांना सायकलच्या सीटनं फोड आलाय. त्यांना बसता येत नाही. डॉक्टरांचा कागद आहे, आणून दाखवू का?"

बायकोनं पदरात तोंड लपवलं. आबा अर्धे उठले होते, ते तसेच थांबले.

"कुठं आलाय?"

मी पोह्यांतले शेंगदाणे मोजू लागलो. शेवटी आत्याच म्हणाली, "आबा, सीटवर माणूस काय डोकं ठिवतो व्हय?"

आधी मेव्हण्याला हसू फुटलं. मग मुलाला. आबा मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "सीट लई वर घेतलं व्हतं का?"

"होय."

"आन आत जाड शिवणीची चड्डी?"

"होय, आबा."

"म्या बारा वर्सं लोहाऱ्यात दूध घातलं, सायकलवर. दोन्ही बाजूला कॅन. मला बी आलं व्हतं, पयल्याच साली. कुणाला बोललो न्हाय. आन त्यातच माझी बैठक ठरली."

"मग?" आत्यानंच विचारलं. तिलाही हे नवीन होतं.

"मग काय. बसलो. मांडी घालून, बोलणं संपंपर्यंत. डोळ्यातून पाणी गळायलं. तुजी आई दाराआडून बघत व्हती. तिला वाटलं, नवरदेव लई मायाळू हाय, लग्नाचं बोलणं ऐकून रडायलाय." आबांनी टोपी काढून हातात घेतली. "मरंपर्यंत तिला तसंच वाटत व्हतं. मग काय करता, म्या बी तसंच ऱ्हायलो."

आता बायकोनं पदर डोळ्यांना लावला होता, पण कारण वेगळं होतं.

"सर, एकच सांगा," आबा म्हणाले. "सोयरीक मनात हाय का न्हाय?"

"लई हाय, आबा! लई!" पोह्यांचं ताट हातात धरून मी ओरडलो.

"मग तुमी बसू नका. आमीच उठतो. उठा रे!"

सातही जण उठले. चहाचे कप उभ्यानं घेतले गेले, सायीसकट. सुपारी फोडायला पाट ठेवायचा कुठं, हा प्रश्न आला, तर बायकोनं इस्त्रीचं टेबल पुढं ओढलं. माझ्या एकुलत्या एक मुलीची सोयरीक अशी इस्त्रीच्या टेबलावर ठरली. तो फोटो ग्रुपवर गेला तेव्हा एका नातेवाइकानं विचारलं, सगळे उभे का, सतरंजीत करंट उतरला होता का?

फोड त्या आठवड्यात बसला. आता सीट खाली आहे, कव्हर भंगारात गेलंय, आणि पॅडची चड्डी अंगणातल्या तारेवर एकटीच वाळते. लग्नात कन्यादानाला मला बराच वेळ बसायचं आहे, म्हणून बायकोनं सायकलची किल्ली आतापासूनच कमरेच्या जुडग्यात अडकवलीय. रविवारी तेवढी मिळते, तीही तेरखेड्याच्या अलीकडूनच परतायच्या बोलीवर.

आबांचा फोन दर रविवारी येतो. मांडव, पत्रिका, वाजंत्री, कशाचं काही नाही. त्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, "सर, बसताव का न्हाय नीट?"

मी कुठंही असलो तरी आधी खाली टेकतो आणि मग सांगतो, "बसलोय, आबा."