तात्यांच्या ट्यूबच्या पट्ट्या

तात्या रस्त्याला कान लावत. व्हॉल्व्ह फिरवायची त्यांची चार फुटी लोखंडी चावी ते डांबरावर उभी टेकवायचे, वरचं टोक कानाशी धरायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. येणारी-जाणारी वाहनं वळसा घालून जात. मग तात्या डोळे उघडून दोन पावलं सरकत, पुन्हा चावी टेकवत आणि म्हणत, "हां, हितं रडतोय." तिथे खणलं की हातभर खाली पाइप हमखास गळत असायचा. वीस वर्षांत त्यांचा कान चुकल्याचं मी पाहिलं नाही.

आमची कॉलनी नाशिकरोडच्या बाजूची. पाच गल्ल्या, दोनशे चौदा घरं. ओझरच्या कारखान्यात आणि एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला असलेल्यांनी हप्ते फेडून बांधलेली. पाण्याची बिडाची लाइन कॉलनीच्याही आधीची. तात्या आमचे व्हॉल्व्हमन. मूळचे पेठ तालुक्याकडचे. भाताची थोडी जमीन गावी, बायको गावी, आणि हे इथे टाकीजवळच्या खोलीत. सकाळी साडेपाचला पाणी सोडायचं आणि सव्वासहाला बंद करायचं, एवढंच त्यांचं कागदावरचं काम.

बाकीचं काम कागदावर नव्हतं. पाइपाचा सांधा गळायला लागला की पालिकेच्या पाणी कार्यालयाकडून सामान यायला पंधरा दिवस लागत. तात्या पंधरा दिवस थांबत नसत. चौकातल्या सायकलवाल्याकडून फाटक्या ट्यूब आणायच्या, लांब पट्ट्या कापायच्या, खड्ड्यात उतरून सांध्याभोवती ताणून गुंडाळायच्या आणि वरून तार आवळायची. संध्याकाळपर्यंत खड्डा बुजलेला. माझी बायको गच्चीवरून ओरडायची, "तात्या, कार्यालयात तक्रार देऊ का हो?" खालून उत्तर यायचं, "कशाला वहिनी? तक्रार लिहून पाणी येतं व्हय? मला हाक मारायची."

गटार पाइपाला लागूनच होती. पाणी बंद झालं की रिकामा पाइप आजूबाजूची घाण आत ओढतो, हे मला तात्यांनीच समजावून सांगितलं. "पट्टीनं बाहेर जाणारं थांबतं भाऊ, आत येणारं कधी ना कधी येणारच. म्या हाय तवर ठीक हाय. माझ्या रिटायरमेंटच्या आत ह्यो पाइप बदला." रिटायरमेंटला तीन वर्षं राहिली होती. त्या दिवसापासून तात्यांनी दुसरा विषय काढला नाही.

मी कॉलनीचा सचिव. कारखान्यात भांडार सांभाळतो, त्यामुळे अर्ज, तक्ते, जोडपत्रं माझ्याकडे आली. पाइप बदलायला पैसा कुठून येतो याचा अभ्यास मी आणि तात्यांनी मिळून केला. नगरसेवक निधी म्हणावा, तर निवडणुका लांबलेल्या आणि नगरसेवकच नाहीत. आमदार निधीसाठी गेलो, तर तिथला सहायक म्हणाला, "काका, सभामंडप मागा, ओपन जिम मागा. जमिनीखालच्या पाइपाचं उद्घाटन कसं करायचं?" सिंहस्थासाठी मोठा पैसा येतोय असं कळलं म्हणून तिकडे विचारलं. आमची कॉलनी भाविकांच्या मार्गावर नव्हती. बाहेर आल्यावर तात्या म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं. ह्या पाइपाचं पाणी साधू पित नायत ना, तुम्ही पिता." आम्ही टपरीवर चहा घेतला आणि दोघंही खूप हसलो. तीन कार्यालयं फिरून तेवढंच मिळालं होतं.

शेवटी जुन्या जलवाहिन्या बदलण्याची एक सरकारी योजना सापडली. अकरा पानी अर्ज. आमच्या ओट्यावर बसून मी तो भरत होतो आणि तात्या शेजारी बसून पाइपाची लांबी, सांधे, व्हॉल्व्ह तोंडपाठ सांगत होते. सातव्या पानावर रकाना आला: मागील पाच वर्षांत वाहिनीवर झालेल्या दुरुस्त्यांची संख्या.

"किती असतील तात्या?"

"लय असतील."

"लय म्हणजे किती? नोंद आहे का कुठे?"

"नोंद कोण ठेवतंय भाऊ? ट्यूब फुकटची, हात माझं. पन्नास लिहा. साठ लिहा."

"अंदाज चालत नाही. पुरावा मागतात."

भांडारात मी तीस वर्षं एकच नियम पाळला आहे. कागदावर नाही, ते नाही. मी त्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, निरंक.

"काय लिवलं?"

"निरंक."

"म्हंजी?"

"काही नाही असं."

तात्यांनी पेनाच्या टोकाकडे बघितलं. मग म्हणाले, "काही नाही. बरं." आणि पुढच्या व्हॉल्व्हचं माप सांगायला लागले.

पाच महिन्यांनी उत्तर आलं. प्रस्ताव अपात्र. कारणं दोन होती. कॉलनीतून तक्रारींची नोंद नाही, हे एक. दुरुस्त्यांची संख्या निरंक असल्याने वाहिनी सुस्थितीत असल्याचे दिसते, हे दुसरं. तात्या चावी भिंतीला टेकवून समोर उभे होते. त्यांना मोठ्यानं वाचून दाखवताना मी पहिलं कारण वाचलं. दुसरं वाचलं नाही.

वर त्यांनाच बोललो. "बघा, मी म्हणत होतो. तुम्ही लोकांना तक्रार करू दिली नाहीत. सगळं आपल्याच हातानं झाकून ठेवलंत. आता महिनाभर कशाला हात लावू नका. गळू दे, बोंब होऊ दे, मग पैसे येतात की नाही बघा."

तात्या म्हणाले, "महिनाभर लोकांनी काय प्यायचं?"

"मग बसा तसेच."

माझा आवाज चढला होता. समोरच्या घरातून कुणी तरी डोकावलं. तात्यांनी चावी उचलली आणि पाचव्या गल्लीकडे गेले. तिथे सकाळपासून एक सांधा गळत होता.

त्यानंतर वर्षभर ते रोज भेटत, 'भाऊ' म्हणत, पण पाइपाचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. निवृत्तीच्या दिवशी कॉलनीनं त्यांना शाल दिली. भाषण करा म्हटल्यावर म्हणाले, "तिसऱ्या गल्लीच्या कोपऱ्यावर लक्ष ठेवा," आणि खाली बसले. लोक हसले.

नवा माणूस वाईट नव्हता. तो कागदावरचं काम करायचा, साडेपाच ते सव्वासहा. सांधे एकेक करून सुटायला लागले. उन्हाळ्याच्या शेवटी पाण्याला वास येऊ लागला आणि अकरा घरांत कावीळ झाली. त्यातलं एक घर माझं. बायको सतरा दिवस दवाखान्यात होती. तात्यांना कुठून कळलं कोण जाणे, पेठहून एसटीनं आले, नागलीचं पीठ घेऊन. ते स्वतःच वाळून गेले होते. पलंगाशी उभे राहून म्हणाले, "वहिनी, पाणी उकळून पित जा." तिनं विचारलं, "तात्या, तुम्ही असता तर?" त्यांनी पिठाची पिशवी पलंगाखाली सरकवली. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. ते दुसरं कारण आज सांगायचं असं वाटेत ठरवलं होतं. गाडी लागलेलीच होती. तात्या चढले, खिडकीतून हात दाखवला आणि मी परत आलो.

तक्रारींचा आता ढीग पडला होता. योजनेचे पैसे सात आठवड्यांत मंजूर झाले. ही बातमी द्यायला मी फोन केला, तो त्यांच्या मुलीनं उचलला. तात्यांना जाऊन बारा दिवस झाले होते. रोपं लावणीला काढायच्या दिवशी सकाळीच छातीत दुखलं, म्हणाली.

दिवाळीनंतर खोदाई सुरू झाली. मशीन जुना पाइप तुकड्यातुकड्यानं वर काढत होतं आणि मी चरीच्या कडेला उभा होतो. चिखल गळून पडला तशा पट्ट्या दिसू लागल्या. काळ्या रबराच्या, वरून तार आवळलेल्या. कुठे एकावर एक तीन थर. काहींची तार गंजून गेली होती, पण पट्टी धरून होती. मी खिशातली वही काढली आणि एकेका पट्टीसाठी एकेक रेघ ओढू लागलो.

मुकादमानं विचारलं, "काका, काय मोजताय? भंगार आमचंच आहे बरं का."

"दुरुस्त्या मोजतोय," मी म्हणालो.

पहिल्या तीन गल्ल्यांत एकसष्ट झाल्या. चौथी-पाचवीत दुसरं मशीन लागलं होतं; मी पोहोचेपर्यंत तिथला पाइप ट्रकमध्ये भरून झाला होता आणि ट्रक निघून गेला होता. चौथ्या आणि पाचव्या गल्लीतल्या माझ्या मोजायच्या राहून गेल्या.